चरईतले काचवाले काका: जुन्या गोट्या दाखवायला नेल्या त्याचा अनुभव

घरात जुन्या काचेच्या गोट्या सापडल्या असतील आणि त्या कुठल्या, कधीच्या हे कळून घ्यायचं असेल तर ठाण्यात चरईमध्ये एक काका आहेत, त्यांच्याकडे जा. मी दोन शनिवार गेले, आत्यालाही नेलं, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला हेच सांगतेय. दुकानाला पाटी नाही आणि काकांनी नाव नेटवर टाकू नकोस म्हणून बजावलंय, तेव्हा खूण तेवढी देते. तलावपाळीकडून चरईत शिरलात की एका जुन्या दुमजली इमारतीखाली अरुंद गाळा आहे, दारातच लाकडी कपाट, त्यात दौती, कंदिलाच्या काचा, औषधाच्या जुन्या बाटल्या. "काचवाले काका कुठे बसतात" म्हणून कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं तरी तो दाखवतो.

तर झालं असं की आत्याचा नौपाड्यातला माळा साफ करताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला, आत १४३ गोट्या. आतोबा मर्चंट नेव्हीत होते, १९६० च्या दशकात वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर, आणि आत्याला एवढंच आठवत होतं की काही गोट्या जपानहून कोबे बंदरातून आणलेल्या आणि एक बरणीभर बाल्टिमोरला कुणीतरी घरासमोर जुनं सामान विकायला मांडलं होतं तिथून घेतलेल्या. पुढे माझ्या आतेभावांनी त्यात इकडच्या गोट्या मिसळल्या, वाड्याच्या अंगणात गल खणून खेळले, कोयबा खेळले, कितीतरी हरले असतील कितीतरी जिंकून आणल्या असतील, म्हणजे डब्यात सगळी खिचडी झालेली.

मला ह्या विषयात आधीच एक चटका बसला होता. सहा महिन्यांपूर्वी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "१९२० च्या जर्मन हातबनावटीच्या" म्हणून पाच गोट्या १,८०० रुपयांना घेतल्या होत्या, फोटोत फार सुंदर दिसत होत्या, हातात आल्यावर का कोण जाणे मन खात होतं. म्हणून ह्या वेळी फोटो पाठवून विचारायचं नाही, गोटी हातात घेऊन बघणारा माणूस हवा असं ठरवलं. ऑफिसातल्या एकाने ह्या काकांचं सांगितलं. मी ऐरोलीला राहते, ट्रान्सहार्बरने ठाणे, मग पश्चिमेला उतरून चालत १५ मिनिटं, रिक्षाच्या लाइनीत उभं राहण्यापेक्षा चालणंच बरं.

काकांनी एका काचकारखान्यात ३१ वर्षं काढलीयेत, बाटल्यांच्या लाइनवर. गोट्यांचा नाद नंतर लागला, पण बघण्याची नजर कारखान्यातली आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो. मी डबा उघडून पहिलीच गोष्ट केली ती म्हणजे चार देखण्या रंगीत गोट्या निवडून त्यांच्यापुढे ठेवल्या, ते म्हणाले, "रंग शेवटी बघू. आधी कात्रीची खूण शोध." मी म्हटलं कसली कात्री? तर म्हणाले, "अगं, बाटली असो नाहीतर गोटी, भट्टीतून काच लोंबत खाली येते आणि ती कुठेतरी कापावीच लागते. कापली की खूण राहते. माणसाने रंगवलेली गोष्ट खोटी असू शकते, कापल्याची खूण खोटं बोलत नाही."

मग डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग माझ्या हातात दिलं आणि एकेक गोटी फिरवून फिरवून दोन टोकं शोधायला लावली. पहिली दहा मिनिटं मला काहीही दिसत नव्हतं, खरंच सांगते, नुसता चकाकणारा गोल. मग एका गोटीवर अगदी बारीक, पापणीच्या केसाएवढी दुमड दिसली, आणि बरोबर पलीकडच्या बाजूला तशीच दुसरी, आणि एकदा ती दिसल्यावर पुढच्या गोट्यांवर आपोआप दिसायला लागली.

यंत्र त्यांनी दोन पेन्सिली शेजारी शेजारी धरून समजावलं. दोन लांब रूळ, त्यांना स्क्रूसारखी गोल गोल खाच कोरलेली, दोन्ही फिरत असतात, गरम काचेचा गोळा त्या खाचेत पडला की स्वतःभोवती लोळत लोळत पुढे सरकतो आणि शेवटाला पोचेपर्यंत गोल होऊन कडक झालेला असतो. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावच्या मार्टिन क्रिस्टेन्सनला १९०५ साली गोट्या बनवायच्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्याआधी गोट्या म्हणजे जर्मनी, लाउशा गाव आणि आजूबाजूचा भाग, तिथे १८४० च्या दशकात गोट्यांसाठीची खास कात्री निघाली होती, काचेच्या लांब दांड्यावरून एकेक गोटी कापून काढायचे, म्हणून हाताच्या गोटीला एका किंवा दोन्ही टोकांना खरबरीत डाग असतो, जिथून ती दांड्यापासून तोडली तिथे. काका त्याला सळईची खूण म्हणतात. यंत्राच्या गोटीला हा डाग नसतो. बस, हातबनावट की यंत्राची हा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

आता माझ्या त्या १,८०० च्या पाच. मी पर्समधून काढल्या, काकांनी एक उचलली, खिडकीकडे धरली, भिंग लावलं सुद्धा नाही. वरून पेट्रोल सांडलेल्या पाण्यावर दिसते तशी इंद्रधनुषी झाक होती, मला तीच जुनेपणाची वाटली होती. म्हणाले ही झाक वरून चढवलेली आहे, मेक्सिकोत ग्वादलहाराला वाकोर नावाचा मोठा कारखाना आहे, १९३० च्या दशकापासून, आज जगभर त्यांच्या गोट्या जातात, त्यांच्या नव्या मालावर अशी झाक खूप असते, तिथली असेल किंवा तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाची, पण सळईची खूण पाचांतल्या एकीलाही नाही, जर्मन हातबनावट नाहीच. मला वाईट वाटलं, ते त्यांना दिसलं असणार कारण त्या पाचांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "विकत घेताना टोकाचा फोटो माग. रंगाचा फोटो सगळेच देतात," एवढंच म्हणाले. मी हे वाक्य फोनमध्ये लिहून ठेवलंय, तुम्हीही ठेवा.

डब्यातल्या १४३ पैकी ३८ तर सोड्याच्या निघाल्या! गोटी सोड्याच्या बाटलीतल्या. एकरंगी, फिकट हिरवट-निळसर, आत बारीक बुडबुडे, नक्षी काहीच नाही. इथे काका जरा रमले कारण ते मूळचे बाटलीवाले. कॉड नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८७२ च्या सुमारास ही बाटली काढली, सोड्यातल्या गॅसच्या दाबाने आतली गोटी वर सरकून तोंडातल्या रबरी रिंगला घट्ट बसते, बूच लागतच नाही, आणि गोटी काढायची तर बाटली फोडावी लागते, तिकडे इंग्लंडात पोरं तेच करायची आणि आपल्याकडेही तेच झालं. एका गोटीवर त्यांनी मला धुरकट पट्टा दाखवला, बाटलीत वर्षानुवर्षं घासून आलेला. आत्या म्हणाली, "अहो, मासुंदा तलावाजवळ सोडा प्यायचो आम्ही, ह्यातली एखादी तिथलीच असेल." काका म्हणाले असेल, पण साल सांगता येणार नाही, नुसत्या एकरंगी गोटीवर काळ लिहिलेला नसतो. मला हे फार आवडलं, कारण त्यांनी आत्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी साल ठोकून दिलं नाही.

७१ गोट्या कॅट्स आय. पारदर्शक काच आणि आत रंगीत पाती, आपण सगळ्यांनी खेळलेल्या त्याच. ह्यांच्याबद्दल एकच नियम आणि तो तुम्ही आत्ता घरबसल्या वापरू शकता. ह्या गोट्या जपानी कारखान्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणल्या, अमेरिकेतल्या कारखान्यांना त्यांचा इतका फटका बसला की मग त्यांनाही तशाच बनवाव्या लागल्या. तेव्हा कुणी पात्यांची गोटी "स्वातंत्र्यापूर्वीची" म्हणून विकत असेल तर पुढे जा. आतोबांच्या कोबेच्या गोट्या ह्यातच असणार पण नेमक्या कुठल्या हे सांगणं कठीण, नंतर हाच प्रकार सगळीकडे बनला.

काकांची पद्धत मला इथे नीट कळली. ते एक साल कधीच सांगत नाहीत. पिशवीवर दोन ओळी लिहितात, ह्याच्या आधीची नाही, आणि जमलं तर, ह्याच्या नंतरची नाही. पहिली ओळ यंत्रावरून किंवा प्रकारावरून येते, दुसरी कारखाना कधी बंद पडला त्यावरून. दोन्ही मिळाल्या की गोटी त्या दोन सालांच्या मध्ये.

ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे आत्याच्या डब्यातल्या चार कॉर्कस्क्रू, म्हणजे पिळाच्या पट्टीच्या गोट्या. त्यातली एक मी कितीतरी वेळ भिंगाखाली धरून बसले. दुधी पांढरी काच, त्यावर तांबडी पट्टी, तांबडी म्हणजे लाल नव्हे, भिजलेल्या विटेचा असतो तसा रंग, आणि नीट बघितलं तर त्या तांबड्याच्या आत केसासारख्या काळ्या रेषा वाहत गेलेल्या. पट्टी एका टोकाला सुरू होते, गोटीला वळसा घालते आणि पलीकडच्या टोकाला संपते, मध्ये कुठेही स्वतःला ओलांडत नाही. असं का होतं तर भट्टीच्या भोकाशी जिथून दोन रंगांची काच बाहेर येते तिथला भागच फिरता ठेवलेला, त्यामुळे कापायच्या आधीच रंगांना पीळ बसतो. ही अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनीची खासियत. कंपनी मूळ अ‍ॅक्रनची, १९१४ ला वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ ला बंद पडली. म्हणजे आतोबांनी बाल्टिमोरला ती बरणी घेतली तेव्हा कंपनी बंद होऊन दहाएक वर्षं झालेली. आत्या गप्पच झाली ऐकून. तिला वाटत होतं त्यांनी पोरांसाठी काहीतरी स्वस्तातलं उचललं असेल. काका म्हणाले, "स्वस्तच असणार हो तेव्हा. पण निवडून घेतलेल्या वाटतात, चारही जवळजवळ कोऱ्या आहेत."

कोऱ्या म्हणजे काय तेही सांगते कारण किंमत त्यावर ठरते. गोटी गोटीवर आपटली की पृष्ठभागाखाली अर्धचंद्रासारखा तडा जातो, वरून हात फिरवला तर लागत नाही पण उजेडात चमकतो. इंग्रजीत त्याला मून म्हणतात, काका "नख" म्हणतात आणि दिसतोही अगदी नखासारखा. नखं घालवायला काही लोक गोटी घासून पॉलिश करतात, तसं केलं की वरचा थर जातो, टोकाच्या खुणा बुजतात आणि मग ओळखायचं कशावरून? तेव्हा घासू नका. कोमट पाणी आणि साबण, बास. उकळत्या पाण्यात तर अजिबात नको, गरम-गार झालं की तडकतात.

मी बरोबर यूव्ही टॉर्च पण नेली होती, व्हिडिओ बघून घेतलेली. दोन गोट्या हिरव्यागार चमकल्या, मी खूश. काकांनी ती बंद करायला लावली नाही पण समजावलं की हिरवी चमकली म्हणजे काचेत युरेनियम असेल, अमेरिकेत युद्धामुळे १९४० च्या दशकात त्यावर निर्बंध आले आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी उठले, पण युरेनियमची काच आजही बनते, त्यामुळे चमक म्हणजे जुनेपणाचं सर्टिफिकेट नव्हे. टॉर्च सगळ्यात शेवटी, खुणा आणि नक्षी बघून झाल्यावर.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा विश्वास पक्का बसला ती सांगते. एक पिवळी-काळी पट्ट्यांची गोटी होती, दोन बाजूंना सांधे, ती त्यांनी पहिल्या शनिवारी पेल्टियरची म्हणून लिहिली. पेल्टियर म्हणजे इलिनॉयमधल्या ओटावा गावचा कारखाना, त्यांच्या १९२०-३० च्या दशकांतल्या पट्ट्यांच्या गोट्यांना शौकीन लोकांत फार मान आहे. मंगळवारी रात्री मला फोन आला. "ती पिवळी-काळी मी घाईत जुनी म्हटली. उद्या-परवा परत बघ, एका बाजूला टवका उडालाय ना, त्यात पिवळ्याच्या खाली पांढरं दिसतंय का?" मी तिथल्या तिथे उठून बघितलं, भिंगाखाली स्वच्छ दिसत होतं, पिवळा रंग पापुद्र्याएवढा आणि आत पांढरी काच. म्हणाले मग ती मार्बल किंगची, रंगाचा नुसता वरचा थर द्यायची पद्धत त्यांची, पेल्टियरच्या त्या गोटीत पिवळी काच आतपर्यंत पिवळीच हवी. मार्बल किंग १९४९ ला सेंट मेरीज गावात सुरू झाली, नंतर १९५८ ला पेडन सिटीला गेली, म्हणजे गोटी एकदम वीसेक वर्षांनी लहान झाली. दोन्ही कंपन्यांच्या पिवळ्या-काळ्या गोटीला शौकीन बम्बलबीच म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊन तर आणखी घोळ. मी काही तक्रार केली नव्हती, पैसे देऊन झाले होते, तरी माणसाने स्वतःहून फोन करून आपली चूक दुरुस्त केली. दुसऱ्या शनिवारी पिशवीवर जुनं खोडून नवीन लिहून दिलं.

पैशांचं सांगायचं तर एका गोटीचे २० रुपये. सोड्याच्या आणि कॅट्स आयचे लावले नाहीत, "त्या आता तू स्वतः ओळखशील" म्हणाले. उरल्या ३४, त्यातल्या तीन ठरल्या नाहीत म्हणून त्यांचेही नाही, म्हणजे ३१ चे ६२० रुपये. रोख किंवा जीपे दोन्ही चालतं. प्रत्येक गोटी वेगळ्या कागदी पिशवीत, वर माप मिलिमीटरमध्ये, खुणा कुठे आहेत, कारखाना, आणि त्या दोन ओळी.

न आवडलेलंही लिहिते. एक म्हणजे वेळ. शनिवारी ११ ते दीड एवढंच, आणि काका एका वेळी एकच गिऱ्हाईक घेतात, मला दोन्ही वेळा जवळजवळ पूर्ण अडीच तास लागले आणि माझ्यामागे आलेला मुलगा कंटाळून गेला. आधी फोन करून जा असं लिहिलं असतं पण नंबर द्यायचा नाहीये, तेव्हा ११ च्या आधी जाऊन उभे राहा. बसायला एकच स्टूल आहे, म्हाताऱ्या माणसांना न्यायचं असेल तर विचार करा, आत्यासाठी चहावाल्याने खुर्ची दिली म्हणून बरं. पिशवीवरचं पेन्सिलीचं अक्षर बारीक आणि फिकं आहे, घरी आल्याआल्या सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. आणि किंमत ते सांगत नाहीत म्हणजे नाहीत. मी दोनदा विचारलं. ज्यांना विकायच्याच आहेत त्यांची थोडी निराशा होईल, पण मला स्वतःला हे योग्य वाटतं, ओळखणारा आणि भाव करणारा एकच असला की ओळख भावाच्या मागे जायला लागते.

जाताना गोट्या डब्यात खुळखुळत नेऊ नका, मी तशाच नेल्या आणि पहिलं बोलणं त्याचंच खाल्लं. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, ३० खळगे असतात, एकेक गोटी वेगळी राहते. नेटवर शोधणार असाल तर अजून एक, एम. एफ. क्रिस्टेन्सन (यंत्रवाल्या मार्टिनची) आणि क्रिस्टेन्सन अ‍ॅगेट ह्या दोन वेगळ्या कंपन्या होत्या, नावापलीकडे संबंध नाही, पहिलीचं काम १९१७ ला थांबलं आणि दुसरी १९२५ ला सुरू झाली, वाचताना मी दोन दिवस ह्यात गोंधळले होते.

न ठरलेल्या तिनांपैकी एक जांभळी आहे, जांभळ्यात पांढरे ढग फिरलेले, स्लॅग म्हणतात तसली. मार्टिन क्रिस्टेन्सनच्या कारखान्यात काच यंत्रावर टाकायच्या आधी माणूस ती सळईवर उचलायचा आणि ओघळू द्यायचा, तेव्हा तिला वळसा पडायचा, म्हणून त्या गोट्यांच्या एका टोकाला ९ आकड्यासारखं वळण आणि दुसऱ्या टोकाला, जिथे कापली तिथे, शेपूट असतं. हे मला शब्दांत कळेना, तेव्हा काकांनी स्वतःचा जेवणाचा डबा उघडला, पोळीबरोबर काकवी होती, चमचाभर उचलून उलटी धरली. काकवीची धार वाटीत पडताना टोकाशी आपोआप गोल वळली, बरोबर ९. आत्या चटकन म्हणाली, "अय्या, खरंच की."

तर त्या जांभळीला शेपूट स्वच्छ आहे पण ९ जिथे असायला हवा नेमका तिथे मोठा टवका उडालाय. अर्धा वळसा मला दिसतोय असं मला वाटतं, काकांना खात्री नाही. शिवाय अ‍ॅक्रो कंपनी सुरुवातीला क्रिस्टेन्सनच्याच गोट्या घेऊन विकायची, मग स्वतः बनवायला लागली, त्यामुळे नऊ मिळाला तरी प्रश्न उरतोच. पावसाळी उजेडात जांभळा रंग नीट दिसत नाही म्हणाले, दसरा झाला की सकाळी लवकर आण, खिडकीत ऊन येतं तेव्हा. ती पिशवी कोरीच ठेवलीय, वर फक्त माप लिहिलंय, १७ मिमी.